सुटं गाणं, अख्खा अल्बम आणि करारातलं एक कलम

२८ एप्रिल २००३ रोजी ॲपलने अमेरिकेत आयट्यून्स म्युझिक स्टोअर उघडलं. सुरुवातीला दोनेक लाख गाणी, प्रत्येकी ९९ सेंट. पहिल्या आठवड्यात दहा लाख विकली गेली. अल्बम साधारण ९.९९ डॉलरला. किमतीवरून कुरबुर झाली, पण खरं भांडण पेटलं ते सुट्या विक्रीवरून. पुढची दहा-पंधरा वर्षं एकेक मोठा कलाकार 'माझा अल्बम तोडून विकू नका' म्हणत दुकानाबाहेर उभा राहिला.

हे भांडण नेहमी 'कलाकार विरुद्ध ॲपल' असं सांगितलं जातं. मला ते अर्धंच खरं वाटतं. दुकानाचा संबंध गल्ल्यापुरता. कुणाला किती पैसे आणि गाणं सुटं विकायचं की नाही, हे कलाकार आणि रेकॉर्ड कंपनी यांच्यातल्या करारात ठरतं. आणि ते करार होते सीडीच्या, काही तर एलपीच्या जमान्यातले. ज्यांच्या करारात योग्य वाक्य होतं त्यांचं चाललं, बाकीचे मुलाखती देत राहिले.

आधी हिशेब बघू, कारण 'कलाकृतीची अखंडता' वगैरे सगळं त्याच्या नंतर येतं. ९९ सेंटांतले साधारण ३० ॲपलचे, ७० रेकॉर्ड कंपनीचे. या सत्तरातून कंपनीने गीतकार-संगीतकाराची 'मेकॅनिकल' रॉयल्टी द्यायची. अमेरिकेत २००६ पासून २०२२ अखेरपर्यंत हा सरकारी दर गाण्यामागे ९.१ सेंट होता. गायकाचा किंवा बँडचा वाटा वेगळा. समजा करारात १५ टक्के लिहिलेत, तर ७० सेंटांवर साडेदहा सेंट व्हायला हवेत. पण जुन्या करारांत दोन कपाती असत. एक पॅकेजिंगची, म्हणजे डबी आणि छापील पुस्तिकेच्या खर्चापोटी, सीडीला बहुधा २५ टक्के. दुसरी 'फ्री गुड्स'ची, दुकानदारांना फुकट दिल्या जाणाऱ्या प्रतींपोटी, १० ते १५ टक्के. डाउनलोडला ना डबी असते ना फुकट प्रत, तरी कित्येक कंपन्यांनी या कपाती तशाच चालू ठेवल्या. ७० मधून २५ टक्के गेले, उरलेल्यातून १५ टक्के गेले, राहिले ४४.६ सेंट, त्यावर १५ टक्के म्हणजे ६.७ सेंट. ऑलमन ब्रदर्स आणि चीप ट्रिक या बँडांनी २००६ साली सोनी या रेकॉर्ड कंपनीवर दावा लावला तो याच मुद्द्यावर. सत्तरातले साडेचार सेंट आमच्या हातात पडतात, असं त्यांचं म्हणणं होतं.

आता अख्खा अल्बम आणि सुटी गाणी यांतला फरक. ९.९९ डॉलरच्या अल्बमचे सुमारे ७ डॉलर कंपनीकडे येतात. कपाती सोडून दिल्या तरी १५ टक्क्यांनी बँडचे १.०५ डॉलर. गिऱ्हाइकाने दोनच गाणी उचलली तर कंपनीकडे १.४० आणि बँडचे २१ सेंट. अल्बम ध्वनिमुद्रित करायला दोन लाख डॉलरचा ॲडव्हान्स घेतला असेल, तर तो फिटेपर्यंत बँडला रॉयल्टीचा एक पैसा मिळत नाही. अख्खे अल्बम विकले गेले तर सुमारे १ लाख ९० हजार प्रतींत तो फिटतो. दोन-दोन गाणी घेणारी गिऱ्हाइकं असतील तर साडेनऊ लाख लागतात. स्टुडिओचं भाडं मात्र दहाही गाण्यांचं.

लांबलचक गाण्यांचा तिढा तर आणखी मजेशीर. मेकॅनिकलचा ९.१ सेंट हा दर पाच मिनिटांपर्यंतच्या गाण्याला होता. त्याहून लांब असेल तर तेव्हा मिनिटाला १.७५ सेंट, आणि वरची सेकंदं म्हणजे पूर्ण मिनिट. साडेतेवीस मिनिटांची रचना असेल तर २४ मिनिटं धरायची: ४२ सेंट. ती ९९ सेंटांना विकली तर सत्तरातले ४२ तिथेच गेले. आयट्यून्सवर दहा मिनिटांहून लांब ट्रॅक सहसा 'फक्त अल्बमसोबत' असायचे, ते पाहून लोक चिडायचे. त्या चिडण्यावर हे गणित हे एक उत्तर आहे. शिवाय पिंक फ्लॉइडसारख्यांच्या काही अल्बमांत ट्रॅकच पाच-सहा. सगळे ९९ सेंटांनी घेतले तर अख्खा अल्बम सहा डॉलरांत घरी, म्हणजे सुटं घेणं घाऊकापेक्षा स्वस्त.

म्हणून ज्यांना परवडत होतं त्यांनी नकार दिला. मेटॅलिका २००६ च्या जुलैपर्यंत आयट्यून्सवर नव्हते, लेड झेपेलिन २००७ च्या नोव्हेंबरपर्यंत, एसी/डीसी थेट नोव्हेंबर २०१२ पर्यंत. टूल हा बँड तर ऑगस्ट २०१९ मध्ये आला. गार्थ ब्रुक्सने २०१४ साली स्वतःचंच दुकान काढून पाहिलं आणि २०१६ मध्ये ॲमेझॉनशी हातमिळवणी केली. बीटल्सचं प्रकरण वेगळं, कारण त्यांच्या ॲपल कोअर आणि संगणकवाल्या ॲपलमध्ये नावावरूनच जुना खटला होता. तो २००७ च्या फेब्रुवारीत मिटला, तरी गाणी आली १६ नोव्हेंबर २०१० ला. पहिल्या आठवड्यात जगभरात साडेचार लाख अल्बम आणि वीस लाख सुटी गाणी विकली गेली. ज्यांच्याकडून जग 'अख्खा अल्बम ऐकणं' शिकलं असं म्हणतात, त्यांचीही गाणी लोकांनी मोठ्या प्रमाणात सुटीच उचलली.

एसी/डीसीचा नकार यशस्वी झाला, त्यामागे व्यवहार होता. २००८ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांचा नवा अल्बम अमेरिकेत दुकानांपैकी फक्त वॉलमार्टकडे होता. पहिल्या आठवड्यात ७ लाख ८४ हजार प्रती गेल्या. एक दुकान नाकारायचं तर तेवढंच मोठं दुसरं हाताशी हवं. हे ज्यांच्याकडे नव्हतं त्यांचं काय झालं ते त्याच उन्हाळ्यात दिसलं. किड रॉकचं एक गाणं रेडिओवर दिवसरात्र वाजत होतं, पण आयट्यून्सवर नव्हतं. लोकांनी नाव टाकून शोधलं आणि समोर आलेली 'हिट मास्टर्स' नावाच्या कुणाची तरी हुबेहूब नक्कल विकत घेतली. ती नक्कल बिलबोर्ड या अमेरिकी मासिकाच्या गाजलेल्या गाण्यांच्या यादीत चढली. किड रॉकला मात्र फार फटका बसला नाही, कारण त्याच्या सीडी धडाधड खपत होत्या.

ते पाहून अटलांटिक रेकॉर्ड्सने ऑगस्ट २००८ च्या अखेरीस ब्रिटिश गायिका एस्टेलचा अख्खा अल्बम अमेरिकेतल्या आयट्यून्सवरून काढून घेतला. गाणं गाजत होतं, लोक सीडीकडे वळतील असा अंदाज. वळले नाहीत. गाणं यादीत धाडकन खाली आलं, नकला वर आल्या, आणि काही आठवड्यांत कंपनीने मूळ गाणं मुकाट्याने परत ठेवलं. नकला येतात कशा? अमेरिकी कायद्यात एकदा प्रसिद्ध झालेल्या गाण्याची नवी ध्वनिमुद्रित आवृत्ती काढायला मूळ गायकाची परवानगी लागत नाही. ठरलेली मेकॅनिकल रॉयल्टी भरली की झालं. म्हणजे मूळ ध्वनिमुद्रण दुकानातून काढणं हे नकलाकाराला दिलेलं आमंत्रणच. डेफ लेपर्ड या बँडने हीच फट स्वतःसाठी वापरली. युनिव्हर्सल या रेकॉर्ड कंपनीशी डाउनलोडच्या दरावर जमेना आणि करारानुसार बँडच्या संमतीशिवाय कंपनीला गाणी डिजिटल विकता येत नव्हती. तेव्हा २०१२ साली त्यांनी आपलीच जुनी गाणी नव्याने, जशीच्या तशी गाऊन विकायला काढली. मूळ ध्वनिमुद्रणं २०१८ च्या जानेवारीत आली, समझोता झाल्यावर.

न्यायालयात सगळ्यात स्वच्छ निकाल मिळाला तो पिंक फ्लॉइडला. त्यांच्या ईएमआय या रेकॉर्ड कंपनीशी १९९९ साली झालेल्या करारात अल्बममधली गाणी बँडच्या संमतीशिवाय सुटी विकायची नाहीत अशा अर्थाचं कलम होतं. ईएमआयचा बचाव असा की हे कलम वस्तूला, म्हणजे सीडी-कॅसेटला लागू. डाउनलोड ही वस्तू नव्हे. १९९९ मध्ये आयट्यून्स स्टोअर नव्हतंच. लंडनच्या न्यायालयात सर अँड्र्यू मॉरिट यांनी ११ मार्च २०१० ला बँडच्या बाजूने निकाल दिला: कलमाचा हेतू अल्बमची कलात्मक अखंडता जपणं हा आहे, आणि तो हेतू डाउनलोडलाही तितकाच लागू होतो. ईएमआयने खर्चापोटी ४० हजार पौंड द्यायचे ठरले. इथपर्यंतची गोष्ट सगळे सांगतात. पुढचं कमी सांगितलं जातं: जानेवारी २०११ मध्ये बँडने ईएमआयशी पाच वर्षांचा नवा करार केला आणि त्यात सुटी विक्री मान्य केली. मला यात ढोंग दिसत नाही. नकाराचा हक्क हातात असला की तो चांगल्या भावात विकताही येतो, आणि निकालाने त्यांना नेमका तो हक्क दिला होता.

२०१० सालीच अमेरिकेत रॅपर एमिनेमच्या ध्वनिमुद्रणांवरून दुसरा निकाल लागला, आणि पैशाच्या दृष्टीने तो जास्त महत्त्वाचा. त्याच्या सुरुवातीच्या निर्मात्यांची एफबीटी प्रॉडक्शन्स ही संस्था विरुद्ध आफ्टरमाथ रेकॉर्ड्स. करारात दोन दर होते: 'विकलेल्या रेकॉर्ड'वर १२ ते २० टक्के, आणि मूळ ध्वनिमुद्रण दुसऱ्या कुणाला वापरायला परवान्याने दिलं तर मिळालेल्या निव्वळ रकमेचे ५० टक्के. आफ्टरमाथ म्हणे, डाउनलोड ही सीडीसारखीच विक्री. २००९ साली ज्यूरीने ते मान्य केलं. ३ सप्टेंबर २०१० ला नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने ते फिरवलं: कंपनी ॲपलला प्रती विकत नाही, प्रती काढायची परवानगी देते, मालकी स्वतःकडे ठेवते आणि हवं तेव्हा ध्वनिमुद्रण परत घेऊ शकते, म्हणजे हा परवाना. सत्तर सेंटांवर १५ टक्के म्हणजे साडेदहा, ५० टक्के म्हणजे ३५. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०११ मध्ये प्रकरण ऐकायला नकार दिला आणि २०१२ मध्ये दोघांनी तडजोड केली. मग इतर जुन्या कलाकारांनी सामूहिक दावे लावले. युनिव्हर्सलने २०१५ मध्ये १ कोटी १५ लाख डॉलरवर मिटवलं. नव्या करारांत मात्र कंपन्यांनी 'डाउनलोड ही विक्री समजली जाईल' असं वाक्य घालून ही वाट बुजवून टाकली.

दुकानांनीही मधले मार्ग काढले. मार्च २००७ मध्ये ॲपलने 'कम्प्लीट माय अल्बम' आणलं: अल्बममधलं एखादं गाणं आधी घेतलं असेल तर १८० दिवसांत उरलेला अल्बम घेताना ते ९९ सेंट वजा. एप्रिल २००९ पासून ६९, ९९ आणि १२९ सेंट असे तीन दर आले. कंपन्यांना हेच हवं होतं, पण जवळजवळ सगळी गाजलेली गाणी १२९ ला गेली आणि अल्बमचा भाव तुलनेने आपोआप बरा दिसू लागला. त्याच सप्टेंबरमधलं 'आयट्यून्स एलपी', म्हणजे चित्रं, गीतं, पुस्तिका असलेला अल्बम, फारसं कुणी घेतलं नाही. सगळ्यात धारदार वापर बियॉन्सेचा. १३ डिसेंबर २०१३ ला अल्बम कुठलीही जाहिरात न करता आयट्यून्सवर, पहिला आठवडाभर फक्त अख्खा, सुटं गाणं नाहीच. तीन दिवसांत जगभरात ८ लाख २८ हजार. टार्गेट या दुकानसाखळीने रागाने सीडी ठेवायला नकार दिला. या वेळी डिजिटल दुकान कलाकाराच्या बाजूचं होतं आणि रुसलं ते विटा-मातीचं.

मोजणीतही राजकारण होतं. दहा सुटी गाणी म्हणजे एक अल्बम, असा उद्योगाचा जुना हिशेब. २०११ च्या मे महिन्यात ॲमेझॉनने लेडी गागाचा नवा अल्बम ९९ सेंटांना विकला, तोटा स्वतः सोसून. पहिल्या आठवड्यातल्या ११ लाख प्रतींपैकी चार लाखांहून जास्त तिथून गेल्या. त्यानंतर बिलबोर्डने नियम केला की पहिल्या चार आठवड्यांत ३.४९ डॉलरपेक्षा कमी किमतीला विकलेला अल्बम यादीसाठी धरायचा नाही. डिसेंबर २०१४ पासून १५०० स्ट्रीम म्हणजे एक अल्बम हेही त्यात आलं. तिथून भांडणाचा विषयच बदलला. २०१५ च्या जूनमध्ये टेलर स्विफ्टने ॲपल म्युझिकच्या तीन फुकट महिन्यांचे पैसे कलाकारांना द्यायला लावले. २०२१ मध्ये ॲडेलच्या सांगण्यावरून स्पॉटिफायने अल्बमच्या पानावरचं आपोआप होणारं शफल, म्हणजे क्रम विस्कटून गाणी वाजवणं, बंद केलं. सुट्या विक्रीविरुद्धचा लढा शेवटी एका बटणावर आला.

आपल्याकडे हा झगडा फारसा झालाच नाही. आयट्यून्स भारतात आलं डिसेंबर २०१२ मध्ये. फ्लिपकार्टचं 'फ्लाइट' हे गाण्यांचं दुकान त्याआधी फेब्रुवारीत सुरू होऊन जून २०१३ मध्ये बंदही झालं. विक्रीचा माल बहुतांशी सिनेसंगीत, त्याचे हक्क निर्मात्याकडून कंपनीकडे गेलेले. गायकाने कुठल्या कलमावर भांडायचं? पण जून २०१२ मध्ये लागू झालेल्या कॉपीराइट कायद्यातल्या दुरुस्तीत एक तरतूद अशी आहे जी पिंक फ्लॉइडच्या वकिलांना कोर्टात न भांडताच मिळाली असती. कलम १८ नुसार हक्क सोपवताना जे माध्यम अस्तित्वात नव्हतं किंवा व्यापारी वापरात नव्हतं, त्याला तो करार लागू होत नाही; करारात त्या माध्यमाचा स्पष्ट उल्लेख असला तरच होतो. कलम १९ मध्ये आणखी तीन गोष्टी आहेत. मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. आणि सोपवलेला हक्क एका वर्षात वापरला नाही तर तो परत, करारात वेगळं लिहिलं नसेल तर. हे शेवटचं 'तर' लक्षात ठेवा. छापील करारांत ते वेगळं बहुतेक वेळा लिहिलेलं असतं.

कलम ३८ब कलाकाराला आपल्या सादरीकरणाची मोडतोड रोखायचा हक्क देतं, म्हणून काही जण त्यावर विसंबतात. विसंबू नका. त्याच कलमाचं स्पष्टीकरण सांगतं की संपादनासाठी किंवा वेळेत बसवण्यासाठी काही भाग काढणं ही हानी धरली जाणार नाही. दहा गाण्यांतलं एक सुटं विकणं त्यात अडकवणं अवघड. तेव्हा अभंगांचा, गझलांचा किंवा एकाच कथेवरचा अल्बम सलगच ऐकला जावा असं वाटत असेल तर करारात सरळ लिहून घ्या: कलाकाराच्या लेखी परवानगीशिवाय कोणताही ट्रॅक सुटा विकला किंवा प्रसिद्ध केला जाणार नाही, ट्रॅकचा क्रम आणि जोड बदलले जाणार नाहीत, हे बंधन भौतिक आणि डिजिटल, आज असलेल्या आणि पुढे येणाऱ्या सर्व माध्यमांना लागू राहील. 'पुढे येणाऱ्या' हे शब्द इथे तुमच्या फायद्याचे. हक्क सोपवण्याच्या कलमात मात्र तेच शब्द असतील तर खोडा.

एवढं करूनही स्ट्रीमिंगवर 'फक्त अल्बमसोबत' अशी सोय नाही, हे धरून चाला. ती आयट्यून्स स्टोअरच्या विक्रीला आहे आणि बँडकॅम्प या ऑनलाइन संगीत-दुकानावर आहे. बँडकॅम्पवर ट्रॅकनिहाय सुटी विक्री बंद ठेवता येते आणि दुकानाचा वाटा डिजिटल विक्रीवर १५ टक्के, वर्षाला ५००० डॉलरची विक्री ओलांडली की १०. अडचण पैसे घेण्याची. पेपालने १ एप्रिल २०२१ पासून भारतातले देशांतर्गत व्यवहार बंद केले, त्यामुळे पुण्याच्या श्रोत्याने नाशिकच्या गायकाला त्यावरून पैसे द्यायचे तर जमत नाही. अमेरिकेतल्या श्रोत्याचे येतात.

ट्रॅक एकमेकांत मिसळणारे असतील तर फाइली कापण्यात हमखास चूक होते. मास्टरिंग, म्हणजे आवाजावरचा शेवटचा हात, सलग एका फाइलवर पूर्ण करा, सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने) जो ठेवायचा तो आधीच बदला, आणि मगच कापा. कापलेले तुकडे वेगवेगळे ४८ वरून ४४.१ किलोहर्ट्झला आणले की प्रत्येकाच्या कडेला बारीक 'टिक्' येते. कापायची जागा ५८८ सॅम्पलच्या पटीत घ्या. सीडीची एक फ्रेम तेवढीच, म्हणजे सेकंदाचा पंचाहत्तरावा भाग. तशी नसेल तर सीडी काढताना उरलेली जागा शांततेने भरली जाते आणि जोड ऐकू येतो. एमपी३ मध्ये फाइल ११५२ सॅम्पलच्या तुकड्यांत बसते, सुरुवातीला आणि शेवटी रिकामी भर पडते, म्हणून वितरकाला आणि बँडकॅम्पला वॅव्ह किंवा फ्लॅक या, आवाजात काही न गमावणाऱ्या फाइलीच द्या.

दोन ट्रॅकमधला वीस-बावीस सेकंदांचा निवेदनाचा किंवा तानपुऱ्याचा तुकडा वेगळा ट्रॅक करू नका. स्पॉटिफायवर ३० सेकंद वाजल्याशिवाय स्ट्रीम धरला जात नाही, आणि २०२४ पासून बारा महिन्यांत १००० स्ट्रीम न झालेल्या ट्रॅकला ध्वनिमुद्रणाची रॉयल्टीच नाही. तो तुकडा पुढच्या गाण्याच्या आरंभाला जोडा. प्लेलिस्टसाठी त्याच गाण्याची स्वतंत्र, आरंभ-शेवट नीट असलेली आवृत्ती काढली तर तिला वेगळा आयएसआरसी, म्हणजे ध्वनिमुद्रणाचा ओळख क्रमांक, घ्या. जुनाच वापरला तर दुकानं दोन्ही फाइली एकच समजतात आणि कधी अल्बममधला सलग ट्रॅक जाऊन तिथे कापलेला येऊन बसतो. आवाजाची पातळीही तपासा. अल्बम क्रमाने वाजला तर स्पॉटिफाय सगळ्या ट्रॅकना एकच वाढ-घट लावतं, म्हणजे हळू गाणं हळूच राहतं. शफलवर किंवा प्लेलिस्टमध्ये प्रत्येक ट्रॅक वेगळा मोजून उणे १४ एलयूएफएस (आवाजाची पातळी मोजायचं एकक) या पातळीच्या आसपास आणला जातो, तेव्हा मुद्दाम दबका ठेवलेला आलाप तारसप्तकातल्या गाण्याइतकाच मोठ्याने वाजतो. मास्टरिंग करणाऱ्याला हे आधी सांगा आणि दोन्ही तऱ्हांनी ऐकून मगच फाइल मंजूर करा.